माफीचे दिवस

माझ्या बाला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली तेव्हा मी मराठी दुसरीत होते. सक्तमजुरी या शब्दातली नुसती मजुरी मला कळली. मी मायला विचारलं, "मजुरी म्हंजे बाले पैसे भेटतीन ना?"

माय भाकरी थापत होती. "जेलातल्या मजुरीले पैसे नसतात, पोरी," ती म्हणाली.

"मंग काऊन करायची?"

 त्या दिवशी परातीतलं पीठ संपलं तरी ती रिकाम्या परातीवर हात फिरवत बसली होती, हे मला अजून दिसतं.

आम्ही उंद्रीचे. कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी, कपाशी आणि ज्वारी. शेजारच्या वावरातले बैल आमच्या कपाशीत दोनदा शिरले, आणि दुसऱ्यांदा बाने गाडीच्या कडेची लाकडी उभारी उपसली आणि शेजाऱ्याच्या डोक्यात घातली. एकच. तो माणूस चालत घरी गेला, जेवला, आणि चौथ्या दिवशी मेला. बा आपल्या पायांनी पोलीस पाटलाकडे गेला. त्यानंतर त्या मेलेल्या माणसाच्या घरावरून जाताना माय पदर पुढे ओढून घ्यायची आणि माझा हात इतका घट्ट धरायची की बांगडीचा वळ उठायचा.

बाला आधी बुलढाण्याला ठेवलं, मग आगगाडीने दूरच्या मोठ्या तुरुंगात नेलं. माय वर्षातून एकदोनदा भेटीला जाई. बैलगाडीने खामगाव, तिथून छोट्या आगगाडीने जळंब, जळंबला गाडी बदलून पुढे. मी एकदाच गेले. जाळीपलीकडे बा उभा होता, गळ्यात लाकडी बिल्ला, डोक्यावर टोपी. त्याने तळहात जाळीला लावले. चक्की ओढून ओढून त्यांची कातडी बैलाच्या खांद्यासारखी झाली होती. बोलायला मिळालेला सगळा वेळ त्याने मला पाढे म्हणायला लावले. मी सोळाच्या पाढ्यात अडखळले आणि तेवढ्यात शिपाई म्हणाला, झालं.

दुसऱ्या वर्षी पत्र आलं. कागदाच्या डोक्यावर मध्यप्रांत व वऱ्हाड असं छापलेलं होतं आणि खाली तुरुंगाचा शिक्का होता. अक्षर कोणा दुसऱ्या कैद्याचं होतं, कारण बाला सहीपुरतंच लिहिता येई. गावच्या शाळेत मुलींमध्ये मी एकटी होते. मामाने हट्टाने मला तिथे बसवलं होतं, म्हणून आमच्या घरातलं पत्र दुसऱ्याच्या तोंडात जात नसे. मी ते मोठ्याने वाचलं.

बाने लिहिलं होतं की इथे कामाला मजुरी द्यायची नाही असा कायदा आहे, पण नीट काम करणाऱ्याला दर महिन्याला काही दिवस माफ होतात. चक्की ओढणाऱ्याला थोडे. ज्या कैद्याला साहेब कमरेचा पट्टा देतात, म्हणजे जो बाकीच्या कैद्यांवर देखरेख करतो, त्याला जास्त, आणि वर महिन्याला काही आणे त्याच्या नावावर जमा होतात, ते सुटताना हातात मिळतात. मला पट्टा देऊ म्हणतात. माझं मन होत नाही. तुम्ही सांगाल तसं करतो.

मायने पत्र तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "पाटी घे. किती दिवस आधी येतीन ते पाहाय."

मी हिशेब केला. पुन्हा केला. वर्षाच्या वर जात होतं. मायने ओठ मिटले आणि मान हलवली. "लिही. घ्या म्हना."

"पन माय, त्याचं मन होत नाही म्हने."

"मन घरी आल्यावर होईन," माय म्हणाली. "इथं एकट्या बाईनं पेरनी कशी करायची, ते त्या पट्टा देनाऱ्याले ठावं हाय का?"

मी लिहिलं. खाली बरीच जागा राहिली होती. माय उठून गोठ्यात गेली तेव्हा त्या जागेत मी माझ्या मनाने आणखी एकदा लिहिलं, घ्या, आणि त्याच्याखाली लवकर या. अक्षर मोठं काढलं, शाळेत मास्तर फळ्यावर काढत तसं. मला बा हवा होता. एवढंच होतं ते.

बा तेरा महिने आधी सुटून आला. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, दुपारची वेळ होती, मी अंगणात अंबाडी निवडत होते. दारात माणूस उभा दिसला. खामगावाहून पायी आला होता. मी ओरडले, माय धावत आली, आणि तरी बा उंबऱ्याबाहेरच उभा. आम्ही दोघी रडत होतो आणि तो पायाचे अंगठे जुळवून उभा. शेवटी मायच्या ध्यानात आलं. तिने डोळे पुसले आणि म्हटलं, "या आत." तेव्हा तो आत आला.

त्यानंतर कितीतरी महिने घरात आत-बाहेर करताना तो दाराशी थबके. कोणीतरी हो म्हणावं लागे. आम्हाला सवय झाली. भाकरी भाजता भाजता माय म्हणे, "हाव, जा." पोराला सांगावं तसं.

पण दुसरी एक गोष्ट होती, तिची सवय झाली नाही. बा माणसं मोजायचा. चार माणसं एका जागी बसली की त्याचं बोट मांडीवर हलू लागे. चावडीपुढे, विहिरीवर, कीर्तनात. आधी मनातल्या मनात, मग ओठांनी, मग मोठ्याने. चुलतभावाच्या लग्नात पंगत बसली होती. वाढपी पुढे सरकणार इतक्यात बा मधोमध जाऊन उभा राहिला आणि हिंदीत ओरडला, "जोडी से बैठो!" आवाज त्याचा नव्हताच. लोक हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. बा पंगतीच्या कडेने चालत दोन-दोन माणसांवर हात ठेवत मोजत गेला, आणि एका जागी एकटा पोरगा बसला होता तिथे थांबला. "एक कमी हाय," तो म्हणाला. "एक कुठं गेला?" त्याचा चेहरा पाहून हसणारे गप्प झाले. नवरदेवाच्या बापाने येऊन त्याला खांद्याला धरून बाजूला नेलं, तोवर त्या पोराने पाणी प्यायलेला पेलासुद्धा खाली ठेवला नव्हता.

बाने सुटताना मिळालेले पैसे आणले होते. फार नव्हते. कापडात बांधलेले, तसेच त्याने मायच्या हातात दिले आणि म्हणाला, "याचं खायचं काही आनू नको."

मायला वाटलं घरात काहीतरी टिकाऊ व्हावं असं त्याच्या मनात आहे. खामगावच्या बाजारातून तिने तांब्याची घागर आणली. घासून लखलखीत केली, पाणी भरलं, आणि पहिला तांब्या बाला दिला. बाने विचारलं, "कशाच्या पैशाची?" तिने सांगितलं. बा उठला, विहिरीवर गेला, आणि पोहऱ्यातलं पाणी ओंजळीने प्याला. तो त्या घागरीतलं पाणी कधीच प्याला नाही. उन्हाळ्याच्या भर दुपारी वावरातून आला तरी वाट वाकडी करून विहिरीवर जाई. माय काही दिवस भांडली, मग तिने घागर उतरंडीमागे ठेवून दिली.

पुढच्या नवरात्रात माझा धाकटा भाऊ झाला. पूर्ण सजा भोगून बा ज्या दिवशी सुटला असता, त्याच्याही दोन महिने आधी. हे मी तेव्हाच मोजलं होतं, कारण बारशाला आलेली आत्या म्हणाली होती, "देवानं तुह्या बाले लवकर सोडलं म्हनून हे पोरगं दिसलं." बारशाच्या सगळ्या बायका हो हो म्हणाल्या. बा दाराबाहेर उभा होता. त्याने ते ऐकलं.

तो बाळाला मांडीवर घेत नसे. मायने जबरदस्तीने दिलं तर दोन्ही तळहात खाली धरून, अंगापासून दूर, परत करायची वस्तू धरावी तसा धरी. एके दिवशी माय म्हणाली, "लेक हाय तुमचा. नीट घ्या ना." तर बा बाळाच्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "हे पोरगं कोनाच्या दिवसातलं हाय, ते मले ठावं हाय."

मायच्या हातातलं दुपटं गळून पडलं. "कोनाच्या म्हंजे? काय बोलून राह्यले तुम्ही? जीभ झडन तुमची!" ती रडली, तिने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. बाने खुलासा केला नाही. आपल्या बायकोच्या मनात काय आलं असेल हे त्याला कळलं की नाही, मला सांगता येत नाही. माणसाच्या आत दुसरंच काही चाललेलं असलं की त्याला जवळच्याचं रडणं लांबून आल्यासारखं ऐकू येत असावं.

त्याच हिवाळ्यात आमच्या गावच्या आठवडी बाजारात एक नवा भाजीवाला बसू लागला. वांगी, मेथी, कांद्याची पात. पंचेचाळिशीचा असेल, केस पांढरे. इतर भाजीवाले मांडी घालून बसत. हा गुडघ्यांवर उभ्यासारखा बसे, नाहीतर उकिडवा, आणि थोड्या थोड्या वेळाने उठून उभा राही. मी आणि बा मीठ आणायला गेलो होतो. त्या माणसाची पाठ आमच्याकडे होती. बा चालता चालता थांबला. नुसती पाठ पाहून थांबला. मग मागे वळला आणि मीठ न घेता सरळ घरी आला. दिवसभर गोठ्यात बसून राहिला.

पुढच्या बाजारी त्याने मला पैसे दिले. "त्या उकिडव्या बसनाऱ्याकडून भाजी आन. भाव करू नको. कोनाची पोरगी ते सांगू नको."

मी तेव्हा बारा वर्षांची होते. गेले, म्हणेल ती किंमत दिली. तो माणूस माझ्याकडे पाहत राहिला आणि मेथीच्या दोन जुड्या जास्त टाकल्या. असे चार बाजार झाले. आम्ही खाऊन संपवू शकत नव्हतो इतकी वांगी घरात. माय म्हणायची, काय चाललंय हे. चौथ्या बाजारी त्याने पैसे घेतले नाहीत. टोपली उचलली आणि म्हणाला, "चाल, तुह्या घरी येतो."

 आमच्या ओसरीसमोर येऊन त्याने हाक मारली, "पट्टेवाले!"

बा आत होता. ती हाक ऐकून तो जसा बाहेर आला तसं मी कोणालाही येताना पाहिलं नाही. आला आणि टाचा जुळवून उभा राहिला.

"बस," तो माणूस म्हणाला.

बा बसला. तो मात्र उभाच राहिला, हात खांबाला धरून. माय बाळाला घेऊन दारात आली.

"तू बी बस ना," बा म्हणाला.

"मले बसता येते का? तुले ठावं नाही?" मग तो मायकडे वळला. "वैनी, भिऊ नका. मी भांडाले नाही आलो. पयल्याच बाजारी हा पोरीले घेऊन वापस फिरला, तवाच ओळखलं मी याले. पोरगी भाव करत नाही, दिलं ते घेते. म्हनलं, आता आपुनच जाऊन विचारावं."

बा जमिनीकडे पाहत होता. आणि मग, आम्ही कोणी न विचारता, तो मायला सांगू लागला. सगळं एकाच आवाजात, ओळीने, साहेबापुढे जबाब द्यावा तसं.

चक्कीखान्यात बाच्या पट्ट्याखाली वीस माणसं होती. रोज अमुक इतकं दळण व्हायलाच हवं. एकाचं कमी पडलं आणि पट्टेवाल्याने कळवलं नाही, तर पट्टेवाल्याचे त्या महिन्याचे माफीचे दिवस जात. हा माणूस तापाने फणफणत होता. पहिल्या दिवशी बाने त्याचं दळण दुसऱ्याच्या पोत्यातून पुरं केलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बाला वाटलं आपण पकडले जाऊ. घरी यायला पाच महिने राहिले होते. त्याने जाऊन कळवलं. साहेबांपुढे उभं केल्यावर या माणसाने तापात शिवी दिली. डॉक्टरने नाडी पाहून शिक्षा सोसेल म्हटलं. वेताचे फटके ठरले. फटके मारताना माणसाला लाकडी तिकटीला बांधतात, आणि ते हात बांधायचं काम पट्टेवाल्याचं असतं.

"मी बांधले," बा म्हणाला. "यानं मले म्हनलं, गाठ सैल ठेव. मी नाही ठेवली."

माय भिंतीला टेकली.

"अन् मंग?" तिने विचारलं.

"मंग याचे जमलेले सारे दिवस कापले. पत्र लिहाची मनाई झाली. अन् मले त्या महिन्यात चांगल्या कामाचे जास्तीचे दिवस भेटले."

बाळ रडू लागलं. मायने त्याला उगी केलं नाही. ती त्याच्याकडे पाहत होती, आणि बा काय म्हणाला होता ते तिला त्या क्षणी कळलं, हे मला दिसलं.

"यांचा दोष नाही," ती एकाएकी त्या माणसाला म्हणाली. "यांचं मन नव्हतं. मी पत्र धाडलं, घ्या म्हनून. मी."

मीही तिथेच उभी होते. पत्रातलं ते दुसरं घ्या, मोठ्या अक्षरातलं, मी लिहिलं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं नाही.

भाजीवाला म्हणाला, "वैनी, दोष मी कोनाकोनाले देऊ? कायदाच तसा होता. माह्यावर पट्टा असता तर मी बी कळवलं असतं का, ते मले ठावं नाही. मले एकच पाह्यजे. मी हिवऱ्याच्या अलीकडचा. तिथं माहा मळा हाय, माहा पोरगा हाय. मी घरी पत्र धाडलं होतं, पोळ्याच्या आधी येतो म्हनून. मंग हे झालं. बायको भादव्यात तापानं गेली. पोरगं एकटं. मी चैतात सुटून गेलो तर पोरगा दारात आडवा झाला. म्हने, सुटून सात महिने कुठं होता? कोनापाशी होता? मी सांगितलं, दिवस कापले. म्हने, जेलातले दिवस असे कापतात का? गावातलं कोनीच मानत नाही. आता बहिनीच्या गावी राहून तिच्या वावरातली भाजी इकतो. याले म्हना, माह्या पोरापुढं उभं राहून सांग."

बा म्हणाला, "येतो."

मायने मला बाबरोबर धाडलं. बाळंतीण बाई एवढ्या लांब जाऊ शकत नव्हती, आणि बाला एकटं सोडायची तिला भीती वाटत होती. "पोरगी संग असली की मानूस घराकडं वापस येते," ती गाडी जुंपताना मला हळूच म्हणाली.

चिखलीवरून मेहकरच्या वाटेने आम्ही दोन दिवसांनी पोचलो. तो माणूस गाडीत पोत्यावर पालथा पडून राही, नाहीतर गाडीमागून चाले.  एकदा फक्त बाने विचारलं, "थंडीत जास्त दुखते का?" आणि तो म्हणाला, "हाव."

मळ्यात मोट चालू होती. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा बैल हाकत होता. कांद्याच्या वाफ्यांत चार-पाच बाया निंदत होत्या. आपल्या बापाला पाहून त्याने बैल थांबवले नाहीत. बा विहिरीपाशी बैलांच्या धावेच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, आम्हाला सांगितलं तसंच, तोच आवाज, तीच ओळ. बैल खाली जात, मोट वर येई, पाणी ओतलं जाई, आणि बा सांगत राही. निंदणाऱ्या बायांचे हात थांबले होते.

सांगून झाल्यावर पोराने बैल थांबवले.

"किती दिवस कापले?"

"सात महिने अन् वर काही."

"माय भादव्यात गेली."

"मले ठावं हाय."

"तवा तुम्ही कुठं होते?"

"तिथंच. दिवाळीले सुटलो. घरी गेलो."

पोराने बराच वेळ दोरी हाताला गुंडाळली आणि सोडली. "शेवटच्या दिवशी माय मले म्हने, वाटेवर पाहाय, तुहा बा येऊन राह्यला," तो म्हणाला. "मी चारदा पाहून आलो." मग त्याने बैलांना हाक दिली आणि मोट पुन्हा सुरू झाली.

आता काय करायचं, कोणालाच कळेना. त्याचा बाप आंब्याखाली उभा राहिला. बाने थोडा वेळ वाट पाहिली, मग तो वाफ्यात उतरला, बायांच्या ओळीच्या शेवटी बसला आणि निंदू लागला. मीही त्याच्या शेजारी बसले. कोणी बसा म्हटलं नाही, उठा म्हटलं नाही. दिवस मावळेपर्यंत आम्ही निंदलं. बाचे हात भराभर चालत होते, मान खाली होती. एकदाही त्याने वर पाहून माणसं मोजली नाहीत.

काम सुटल्यावर पोराने बायांना रांगेने मजुरी दिली. शेवटी तो बापुढे आला आणि बायांना दिली तेवढीच मजुरी त्याच्या तळहातावर ठेवली. मला निम्मी.

बाने हात मागे घेतला. पैसे मातीत पडले. "नाही. हे नको. मी तुह्या मळ्यात फुकट राबतो. म्हनशीन तितके दिवस राबतो."

पोराने वाकून पैसे उचलले, धोतराला पुसले आणि पुन्हा त्याच्या हातावर ठेवले. "आमच्या मळ्यात फुकट कोनी राबत नाही," तो म्हणाला. "उद्याचं काम नाही. तुम्ही जा."

हे त्याने रागाने म्हटलं की न्यायाने, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. त्याचा आवाज सपाट होता. बाची मूठ मिटली. तो वाफ्याच्या बांधावर खाली बसला, तोंडावर मूठ दाबून. मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं. निंदणाऱ्या बाया टोपल्या उचलून निघून गेल्या.

पोरगा आंब्याकडे गेला. आपल्या बापापुढे थोडा वेळ उभा राहिला. "घरात पानी तापलेलं असन," तो म्हणाला. "बा, पाय धुवा."

आम्ही तिथे थांबलो नाही. चिखलीत सकाळी बाने गाडी उभी केली आणि त्या मजुरीचे फुटाणे आणि गूळ घेतला. माझ्या ओच्यात ओतला, आपणही एक मूठ घेतली आणि खाल्ली. गाडी उंद्रीच्या वाटेला लागल्यावर मला राहवेना.

"बा," मी म्हटलं, "त्या पत्रात दुसऱ्या बारीचं घ्या मीच लिहिलं होतं. मायनं नव्हतं सांगितलं."

बा बैलांच्या पाठीकडे पाहत होता. "ठावं होतं मले," तो म्हणाला. "अक्षर मोठं होतं. तो कागद मी पट्ट्याच्या आत घालून ठेवत होतो. पोटाले लागून."

 मला धीर द्यायला त्याने ते सांगितलं असेल. पण त्या दिवसापासून मला दिसतं ते एवढंच, की तिकटीशी बा त्या माणसाचे हात बांधतोय, गाठ ओढायला पुढे वाकतोय, आणि त्याच्या पोटाला माझं अक्षर लागलेलं आहे. मी तिथे नव्हते, मी तो तुरुंग आतून पाहिलेला नाही, तरी मला ते जाळीवरच्या त्याच्या तळहातांपेक्षा स्वच्छ दिसतं. लेकरांना मांडीवर घेऊन बसलेली असताना दिसलं आहे. ज्वारी पाखडताना दिसलं आहे.

घरी आल्यावर बा सुधारला असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. दाराशी थांबणं थोडं कमी झालं. धाकट्याला तो कधी कधी खांद्यावर घेऊन वावरात नेऊ लागला. पण मोजणं गेलं नाही, आणि माणसांच्या गर्दीत त्याचा चेहरा एकाएकी दुसऱ्याचा होई तोही तसाच होत राहिला. मायने पत्राबद्दल पुन्हा कधी विषय काढला नाही. धाकट्याला यातलं काही सांगायचं नाही, असं आम्ही तिघांनी न बोलता ठरवलं होतं. तो पुढे मोठा हसरा माणूस झाला. त्याचं हसणं ऐकलं की माय क्षणभर हातातलं काम थांबवी.

भाजीवाला पुन्हा आमच्या बाजारात आला नाही. दोन वर्षांनी, मिरचीच्या हंगामात, त्याचा पोरगा खामगावच्या बाजाराला जाताना आमच्या दारात थांबला. मिरचीने भरलेली गाडी होती. मायने पाणी दिलं. तो ओसरीवर बसला, बाच्या समोर. बराच वेळ दोघे पावसापाण्याचं बोलत राहिले.

शेवटी बाने विचारलं, "तुहा बा?"

"हाय मळ्यात," पोरगा म्हणाला. "बसता येत नाही अजून. उभ्यानं जेवते. पन हाय."

बाने मान हलवली. पोराने तांब्या पालथा ठेवला, उठला, आणि गाडीवर चढून बैलांना हाक दिली. बा वाटेवर जाऊन उभा राहिला. गाडी वळणाआड गेली तरी तो तिथेच होता. मायने आतून हाक मारली, तेव्हा तो परत आला.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी जळंबकडे नांदायला गेले.